जुन्या सोलर पॅनलवर आठ महिने मोटर चालवली: मागची शीट बघायची राहून गेली

गेल्या जूनमध्ये केज तालुक्यातल्या आमच्या रानात बारा जुनी पॅनल बसवली. 250 वॅटची, लेबलवर साल 2012, कुठल्याशा प्रकल्पावरून उतरवलेली. काच लख्ख, उन्हात एकेकाचं व्होल्टेज 36-37. भाव नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा. बाराही सिरीजमध्ये जोडून विहिरीवरच्या तीन एचपी मोटरला ड्राइव्ह (पॅनलची डीसी वीज मोटरच्या एसीत बदलणारा डबा) लावला. रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला जाणं सुटलं, याचं मोल मी पैशात सांगू शकत नाही.

ऑगस्टमध्ये झड लागली आणि ड्राइव्ह ‘अर्थ फॉल्ट’ (वीज जमिनीत गळतेय) दाखवून बंद पडू लागला. ऊन पडलं की दोन तासांनी आपोआप सुरू. मला वाटलं केबल गेली. मोटर वर काढली, मजुरी गेली, वाइंडिंग ठणठणीत निघालं. नोव्हेंबरात तर रोज दहिवर पडायचं आणि साडेदहापर्यंत हरभऱ्याला पाणी नाही. एका सकाळी वडिलांनी स्टँडला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. अर्थिंगचा नट ढिला होता. त्या दिवशी सगळं बंद केलं.

वायरमनने मेगर लावला. हे वीज कुठे गळतेय का ते मोजणारं यंत्र, आकडा जितका कमी तितकी गळती जास्त. दुपारी 15 मेगाओहमच्या वर, दुसऱ्या दिवशी दहिवरात 0.3. तेव्हा कुठे मी पॅनलखाली उताणा झोपून मागची बाजू बघितली. पांढऱ्या प्लास्टिक शीटवर, सेल जोडणाऱ्या आतल्या धातूच्या पट्ट्यांच्या बरोबर मागे, पट्टीने आखाव्यात तशा उभ्या भेगा. त्यांत काळ्या मातीची धूळ बसलेली. बोट फिरवलं तर खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागली.

2010 ते 2013 च्या सुमारास जगभर बऱ्याच पॅनलना पॉलिअमाइडची (नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक) मागची शीट लावली गेली. ऊन, उष्णता आणि ओल यांनी ती काही वर्षांत कडक होऊन तडकते. आमच्याकडे मे महिन्यात हवाच 42-43 अंशांवर जाते, पॅनलची पाठ त्याहून कितीतरी तापते. भेगेतून ओल आत शिरली की साडेचारशे व्होल्टच्या घरातली वीज फ्रेममध्ये गळते. वाळलं की गळती थांबते, म्हणून दुपारी तपासणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. शिवाय सेलभोवतीच्या ईव्हीए नावाच्या प्लास्टिकच्या थरातून ओलीमुळे अॅसिटिक आम्ल तयार होतं आणि आतल्या पट्ट्या गंजतात. ते नुकसान भरून येत नाही.

बारापैकी पाच पॅनल वाईट निघाली. दोनांच्या भेगांवर सिलिकॉन फासून बघितलं, जेमतेम दीड महिना टिकलं. शेवटी पाच काढून, ड्राइव्हच्या व्होल्टेजचा हिशेब बसवून, पाठीलाही काच असलेली चार नवी घातली. जुन्यांचा करंट कमी असल्याने नव्यांची ताकद थोडी वाया जाते, पण महिनाभर एकही फॉल्ट नाही.

जुनी पॅनल घेऊच नका असं मी म्हणणार नाही. घेताना ती उलटी करून बघा, बोट घासून बघा, पाठीवर पाणी मारून मेगर लावायला सांगा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर माघारी फिरा. घरी तपासताना भर उन्हात, मोटर चालू असताना कनेक्टर ओढू नका, डीसी विजेची ठिणगी पेटली की तो जाळ लवकर तुटत नाही. उरलेल्या सातांची पाठ मी आता दर पंधरा दिवसांनी बघतो. एकावर परवा केसाएवढी रेघ दिसली आहे.