क्रूझवर वायफाय घ्यावं, की फोन तिजोरीत टाकावा?

धाकट्या जावेचा परवा फोन आला. ती दोघं नोव्हेंबरात सिंगापूरहून क्रूझला निघालीत, पेनांग-फुकेत करून परत, चार रात्री. तिकिटं झाली, खाकऱ्यांची पाकिटंसुद्धा आणून ठेवली. गाडी अडलीय ती बुकिंगच्या पानावरच्या एका रकान्यापाशी. वायफाय पॅक हवा का, असं विचारलंय आणि पुढे डॉलरमधला आकडा. "वहिनी, तुम्ही दोन्ही करून आलात. आम्ही काय करू?"

दोन्ही करून आले हे खरं. आमची पहिली सफर मुंबई-गोवा-लक्षद्वीप. तिच्यात नेट घेतलं नव्हतं, कारण ह्यांना ते पैसे जास्त वाटले. दुसरी सिंगापूरचीच, जाऊ निघालीय तीच. तिच्यात घेतलं होतं, तेही दोघांच्या फोनवर. जावेला जे तासभर सांगत बसले तेच इथे जरा नीट लावून लिहिते.

आधी तास मोजा

पॅकचा भाव बघण्याआधी सफरीचा कागद पुढ्यात घ्या आणि बोट नक्की किती तास जमिनीपासून लांब असते ते मोजा. सिंगापूर-पेनांग-फुकेतमध्ये पहिल्या दिवशी दुपारी बोट सुटते, दुसऱ्या दिवशी पेनांग, तिसऱ्या दिवशी फुकेत. दोन्हीकडे उतरलं की आपल्याच सिमवर रोमिंग पॅक चालतो, नाहीतर तिथलं ई-सिम घेता येतं. रेंज खरोखर जाते ती रात्री आणि फुकेत सोडल्यावरचा चौथा दिवस पूर्ण. म्हणजे चार रात्रींचा पॅक घेतला तरी तो खऱ्या अर्थाने कामाला येतो दीड-दोन दिवस.

लक्षद्वीपचं वेगळं. बॅलार्ड पिअर सुटल्यावर तास-दोन तास फोनवर एखादी दांडी असते. तेवढ्या वेळात डेकवरची अर्धी मंडळी फोन उंच धरून कठड्याशी फिरत होती. आमचेही हे त्यांच्यातच. मग दांडी जाते ती गेलीच. गोव्यात परत येते आणि नंतर एकदम बेटावर. अगात्तीला उतरल्यावर फोन चालला याचं मला नवल वाटलं होतं. त्या बेटांना कोचीहून समुद्राखालून टाकलेली केबल मिळाली ती जानेवारी २०२४ मध्ये. तोवर त्यांचं सगळं नेट उपग्रहावरच होतं. आपण दोन दिवस रेंज नाही म्हणून कुरकुरतो, तर तिथली माणसं वर्षानुवर्षं तसंच भागवत होती.

पॅक घेतला तर

पाच-सात वर्षांपूर्वी बोटीवर नेट वापरलेल्यांचं ऐकाल तर कधीच घेणार नाही. एक फोटो पाठवायला चहा पिऊन व्हायचा. कारण सरळ आहे. तेव्हा बहुतेक बोटी ज्या उपग्रहांवर चालायच्या ते ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. आपला शब्द वर जाऊन खाली यायचा, त्याचं उत्तर परत तसंच फिरून यायचं, की अर्धा-पाऊण सेकंद गेलाच. व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलायचे आणि मग दोघं एकदम गप्प. आता स्टारलिंक या उपग्रहावरून नेट देणाऱ्या सेवेचे उपग्रह साधारण पाचशे किलोमीटरच्या आसपास आहेत. रॉयल कॅरिबियनने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते आपल्या बोटींवर बसवायचं जाहीर केलं, पाठोपाठ इतर मोठ्या कंपन्याही आल्या. म्हणून 'बोटीवर नेट चालतच नाही' हा जुना सल्ला आता सोडून द्या. मात्र आपल्या बोटीवर कोणतं नेट आहे ते विचारून घ्या, प्रत्येक बोट सारखी नसते.

खर्च. परदेशी कंपन्यांचा भाव एका फोनला दिवसाला साधारण वीस-तीस डॉलर धरा. चार रात्रींचे झाले आठ-दहा हजार रुपये. दोन फोन, दुप्पट. घरूनच आगाऊ घेतलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं, बोटीवर चढून काउंटरवर घेतलं तर महाग. आणि एक गोष्ट आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली. बऱ्याच बोटींवर एका फोनचा पॅक दुसऱ्या फोनवर फिरवता येतो. एकाने लॉगआउट करायचं, दुसऱ्याने लॉगइन. आम्ही दोन पॅक घेऊन बसलो होतो. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पॅकमध्येही जाती असतात. स्वस्तातल्यावर मेसेज जातात, पण कॉल आणि व्हिडिओ एकतर बंद, नाहीतर रडतखडत. आम्ही स्वस्तातला घेतला होता. त्याचं काय झालं ते सांगते, कारण खरी तुलना तिथेच आहे.

चौथ्या दिवशीची रात्र, मलाक्काच्या सामुद्रधुनीत. बाहेर मालवाहू बोटींचे दिवे इतके, की हायवेवरून चाललोय असं वाटावं. जेवून केबिनमध्ये आलो तोच घरच्या ग्रुपवर फोटो आला. सासरे ठाण्याला, वय चौऱ्याऐंशी, सोबतीला पुतण्या येऊन राहिला होता. फोटो बीपीच्या मशीनचा. तो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी धूसर, मग मशीनची कड, मग टेबलावरचं पेपरमधलं शब्दकोडं, आणि शेवटी आकडा, १६८. खाली मेसेज, "काळजी करू नका, गोळी दिलीय." ह्यांनी कॉल लावला. "हॅलो, काका..." एवढं ऐकू आलं आणि तुटला. परत लावला, परत तुटला. मग चाळीस मिनिटं आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये, जिथे सिग्नल जरा बरा म्हणून कोणीतरी सांगितलं होतं तिथे, गालिच्यावर बसून होतो. शेवटी मेसेज आला, "आता १४०. झोपले."

त्या चाळीस मिनिटांत आम्ही काय केलं? काहीही नाही. शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं ते पुतण्याने. आम्हाला कळलं नसतं तरी सगळं असंच झालं असतं, आणि सकाळी सिंगापूरला उतरल्यावर कळलं असतं की काल रात्री जरा वाढलं होतं. मी ह्यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, "मला तेव्हाच कळलं ते बरं झालं." या मुद्द्यावर आमचं आजही जमत नाही. पण एका बाबतीत दोघांचं एकमत आहे. बातमी येते पण बोलता येत नाही, असलं अर्धवट नेट सगळ्यात वाईट. घ्यायचंच तर कॉल चालेल असं घ्या, नाहीतर घेऊच नका.

नाही घेतला तर

लक्षद्वीपला पहिला दिवस ह्यांचा हात खिशाकडे जात राहिला. वेळ बघायलाही फोनच काढायचे. दुसऱ्या दिवशी फोन केबिनमधल्या तिजोरीत ठेवला आणि माणूस जरा हलका झाला. सकाळी कठड्याशी उभं राहिलं की पाण्यातून उडते मासे सुटायचे, खडा फेकल्यासारखे सपकन, आणि वीस-तीस फूट जाऊन परत पाण्यात. ते दिसायला थांबावं लागतं. फोन हातात असता तर मी दहा मिनिटांत आत गेले असते, हे मी स्वतःला ओळखून सांगते. संध्याकाळी नागपूरच्या एका जोडप्याबरोबर रमी जमली, ती परत येईपर्यंत.

सोय कुठे अडली का? जवळजवळ नाही. बहुतेक बोटींचं स्वतःचं ॲप असतं आणि ते बोटीच्या वायफायवर पैसे न भरता चालतं. कार्यक्रम, जेवणाच्या वेळा, हिशेब सगळं त्यात. बोटीवर रोख लागत नाही, क्रूझ कार्डावर सगळं चालतं. काही बोटींवर त्याच ॲपमधून आपसात निरोप पाठवता येतात, काही त्याचे वेगळे पैसे घेतात. नवरा जिमला आणि बायको डेकवर, अशी सवय असेल तर हे आधी बघून ठेवा. आम्ही आपलं जुन्या पद्धतीने ठरवून ठेवलं होतं, चार वाजता चहाच्या इथे.

आता दुसरी बाजू. परतताना मुंबई जवळ आली आणि डेकभर फोन एकदम वाजायला लागले, देवळात आरतीला घंटा सुरू व्हाव्यात तसे. माझ्या फोनवर २१४ मेसेज. शंभरेक गुड मॉर्निंग, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सोसायटीची टाकी धुणार म्हणून पाणी नाही ही दोन दिवसांपूर्वीची नोटीस. आणि त्यांच्यात अडकलेला एक मेसेज. जवळच्या मैत्रिणीची आई गेली होती. मी फोन केला तेव्हा तिसरा दिवस होता. ती काही म्हणाली नाही, "तू बोटीवर होतीस ना" एवढंच. मी असते तरी अंत्यदर्शनाला पोचले नसते. पण पहिल्या दिवशी माझा आवाज तिला हवा होता. पॅक न घेण्याची किंमत मोजताना हेही धरा.

आमच्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. कोकणबोटीने भाऊच्या धक्क्यावर यायच्या तेव्हाचं सांगायच्या. घरून निघालं की मागच्यांना काही कळायचं नाही, आणि 'सुखरूप पोचलो'चं कार्ड घरी मिळायचं चौथ्या दिवशी. तोवर आई देवापुढे दिवा लावून असायची. मी एकदा विचारलं, जीव टांगणीला लागत नसे का? म्हणाल्या, "लागायचा की. पण चौथ्या दिवसापर्यंतच."

पॅक घ्या न घ्या, हे कराच

बोट सुटताना फोन फ्लाइट मोडवर टाका. वायफाय हवं तर त्यावरून वेगळं चालू करा. हे विसरलात तर फोन आपणहून बोटीवरचं मोबाइल नेटवर्क पकडतो. ते बोटीच्या वायफायहून निराळं आणि भयंकर महाग. सिंगापूर, थायलंडसाठी घेतलेल्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं. आमच्या सहलीच्या ग्रुपमधल्या एका काकांचा फोन रात्रभर मागच्या मागे फोटो चढवत राहिला. पोस्टपेड नंबर. बिलाचा आकडा त्यांनी शेवटपर्यंत सांगितला नाही.

घड्याळ. फुकेतला ही गंमत नक्की होणार. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. बोट मात्र बऱ्याचदा स्वतःची वेळ बदलत नाही, तसं असेल तर स्पीकरवर सांगतात. उतरून फोनने तिथलं नेटवर्क पकडलं, की तो गुपचूप एक तास मागे जातो. पातोंगच्या किनाऱ्यावर हे मला म्हणाले, "अजून तास आहे, नारळपाणी घेऊ." शेजारी ग्रुपमधले एक निवृत्त मास्तर होते, मनगटावर चावीचं एचएमटी. ते म्हणाले, "तास तुमच्या फोनला आहे. होडीला नाही." मोठी बोट तिथे लांब उभी राहते, छोट्या होडीने जावं लागतं आणि होडीला रांग असते. नारळ अर्धा टाकून पळालो. नेट नसलेला माणूस या एका बाबतीत सरळ जिंकतो.

बँकेचा ओटीपी बहुतेक वेळा आपल्या नंबरवर एसएमएसने येतो, आणि समुद्रात फ्लाइट मोडवर एसएमएस सहसा येत नाही. वायफाय असलं तरी भरवसा नाही. विजेचं बिल, हप्ता, मुलाची फी निघण्याआधी भरून टाका. सॅटेलाइट फोन नेऊ का, असंही एकाने विचारलं होतं. भारतात तो परवानगीशिवाय जवळ बाळगणं बेकायदा आहे, तेव्हा तो शहाणपणा नको.

ऑफिसच्या कामाबद्दल फार लिहीत नाही. रोज कॉल घ्यायचे असतील तर महागातला पॅक घ्या, ऑफिसचं व्हीपीएन तिथे चालतं का ते आधी विचारा, आणि बायकोला सुट्टीवर नेतोय असं सांगू नका.

जावेला काय सांगितलं

मुंबई-गोव्याची दोन रात्रींची बोट असती तर मी तिला पॅकचं नावही काढू दिलं नसतं. तेवढ्यात काही बिघडत नाही. घरी कोणी म्हातारं नसेल, मुलं मोठी असतील, तर चार रात्रींनाही नको. पेनांग-फुकेतला फोन होतोच की. पण तिची धाकटी बारावीला, आजीकडे राहणार. तेव्हा म्हटलं, कॉल चालणारा चांगला पॅक घे, पण एकाच फोनचा, आणि तो फोन भाऊजींच्या हातात देऊ नकोस. दिवसातून दोनदा, सकाळी नाश्त्यानंतर आणि रात्री जेवायच्या आधी लॉगइन कर. बाकी वेळ तिजोरीत. लेकीलाही त्याच वेळा सांगून ठेव, म्हणजे मधे उत्तर आलं नाही तर ती घाबरणार नाही.

आणि फ्रिजवर चिठ्ठी. बोटीचं नाव, केबिन नंबर, बुकिंग नंबर, कंपनीचा चोवीस तासांचा फोन, कोणत्या दिवशी कोणतं बंदर. खरंच काही झालं तर त्या नंबरवरून बोटीपर्यंत निरोप जातो, पॅक असो नसो. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. आमच्या दुसऱ्या सफरीच्या वेळी मी अशी चिठ्ठी पुतण्यासाठी लिहून लावली होती. परत आल्यावर बघितलं, तर खाली सासऱ्यांनी आपल्या थरथरत्या अक्षरात भर घातली होती: 'टाकी धुणार गुरुवारी. पाणी भरून ठेवणे. त्यांना कळवू नये.'