लिनक्सवर गुपचूप डेटा कोण खातंय: एसएस, नेटहॉग्ज, टीसीपीलाइफ की ओपनस्निच?

लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहे, ब्राउझर बंद आहे, तरी डेटा उतरतोच आहे. अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, ‘वायरशार्क लाव’. सुरुवातीलाच तो ऐकू नका. वायरशार्क काय किंवा टीसीपीडंप काय, पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) कुठून कुठे गेलं ते दाखवतात, पण ते कोणत्या प्रोग्रामने पाठवलं हे सांगत नाहीत. त्यातून बहुतेक ट्रॅफिक टीएलएस या एन्क्रिप्शनने कुलूपबंद असतं; हाती लागतो आयपी पत्ता आणि फार तर सर्व्हरचं नाव. तुम्हाला आधी प्रोसेसचं, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचं, नाव हवंय.

त्यासाठी पहिली कमांड एसएस, चालू जोडण्या दाखवणारी. ती उबुंटूसारख्या बहुतेक लिनक्स डिस्ट्रोंमध्ये आधीपासूनच असते. टी, यू, एन, पी हे पर्याय लावून, सुडोसकट, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारांनी, चालवा. सुडो नसेल तर दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची नावं दिसत नाहीत. पण एसएस फक्त त्या क्षणाचं चित्र देते. दोन सेकंदांत उघडून मिटलेली जोडणी हुकते. ए हा पर्याय जोडला तर नुकत्याच मिटलेल्या जोडणीची ‘टाइम-वेट’ अशी ओळ काही काळ दिसते, पत्ताही कळतो, पण प्रोसेसचा रकाना रिकामा! प्रोग्रामने सॉकेट (जोडणीचं आपल्याकडचं टोक) केव्हाच सोडलेलं असतं.

डेटा आत्ता, भरभरून वाहतोय का? मग नेटहॉग्ज. प्रोसेसनिहाय वेग समोर येतो, आणि मोठा डाउनलोड मिनिटभरात सापडतो. मधूनच होणाऱ्या बारीकसारीक हालचालींसाठी मात्र ते कामाचं नाही.

अशा निसटत्या जोडण्यांसाठी माझं मत ठामपणे टीसीपीलाइफला. डेबियन-उबुंटूवर ते बीपीएफसीसी-टूल्स या पॅकेजमध्ये मिळतं आणि ईबीपीएफ या सोयीच्या आधारे थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, लक्ष ठेवतं. टीसीपी जोडणी बंद झाली की एक ओळ पडते: पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), प्रोग्राम, दोन्हीकडचे पत्ते, पाठवलेले आणि आलेले केबी, किती मिलिसेकंद चालली ते. एका टर्मिनलमध्ये दिवसभर चालू ठेवा. ओळीत नुसतंच ‘पायथन३’ आलं तर प्रोसेस जिवंत असेपर्यंत सिस्टमसीटीएल स्टेटसला तो पीआयडी द्या. ती कोणत्या सर्व्हिसची आहे ते कळतं. दोन उणिवा आहेत. चालू असलेली जोडणी बंद होईपर्यंत दिसत नाही, तिथे एसएसच लागते. आणि यूडीपी (टीसीपीसारखी जोडणी न बांधता डेटा पाठवण्याची पद्धत) अजिबात दिसत नाही, म्हणजे ब्राउझर वापरतो तो क्विक प्रोटोकॉलही नाही आणि घड्याळ जुळवणारं १२३ पोर्टवरचं ट्रॅफिकही नाही.

ओपनस्निचला यूडीपीही दिसतं. शिवाय ते प्रत्येक नव्या जोडणीला अडवून परवानगी विचारतं. शोधाबरोबर कायमचा बंदोबस्तही हवा असेल तर हेच घ्या. मात्र सुरुवातीला प्रश्नांचा इतका भडिमार होतो की माणूस न वाचताच ‘परवानगी द्या’ दाबू लागतो. घरातल्या सगळ्यांच्या वापरातल्या कॉम्प्युटरवर म्हणूनच ते लावू नये.

उबुंटूवर बहुतेक वेळा चोर घरचाच निघतो. दर ३०० सेकंदांनी ८० पोर्टवर जाणारी छोटी जोडणी नेटवर्कमॅनेजरची असते; इंटरनेट चालू आहे का, एवढंच ते तपासतं. स्नॅप ॲप्स सांभाळणारं स्नॅपडी दिवसातून चार वेळा अपडेट शोधतं, आणि मोठे आकडे सहसा त्याचे किंवा एपीटी या पॅकेज-मॅनेजरच्या आपोआप होणाऱ्या अपडेटचे असतात. हॉटस्पॉटची जोडणी ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाची) म्हणून नोंदवा आणि अशा जोडणीवर थांबायला स्नॅपला सेटिंगमधून सांगा.

प्रोग्राम ओळखीचा नाही आणि मशीनमध्ये कुणी शिरल्याची शंका आहे, तर गोष्ट वेगळी. रूटकिट (स्वतःला लपवणारं घुसखोर सॉफ्टवेअर) असेल तर त्या मशीनवरची वरची सगळी साधनं खोटं बोलू शकतात. तेव्हा टीसीपीडंपच वापरा, पण राउटरवर किंवा मधे बसवलेल्या दुसऱ्या मशीनवर.