वधू-वर सूचक केंद्र, सहा महिने, तीन हजार रुपये: एका ऊसवाल्याचा अनुभव

वय २९, बी.कॉम., कागल तालुक्यात साडेतीन एकर ऊस, चार म्हशी, दोन्ही वेळचं दूध डेअरीला, निर्व्यसनी. हे लिहायची इतकी सवय झालीय की हॉटेलात मिसळ मागतानाही तोंडातून निघेल.

केंद्राचं नाव लिहीत नाही. ते चालवणाऱ्या बाईंशी माझं भांडण नाही आणि त्यांच्याकडून अजून स्थळ यायचंय. कोल्हापुरात, अरुंद जिन्यावरून वर, दोन खोल्या. मुलांना सहा महिन्यांचे तीन हजार, मुलींना फुकट. असं का, म्हणून विचारलं तर बाईंनी फायलींकडे बोट दाखवलं. मुलांच्या फायली भिंतभर, मुलींच्या एका कप्प्यात.

फॉर्म चार पानी. कुळ, देवक, रास, नाड, गण, मंगळ, जमीन बागायत की जिरायत, सगळं विचारतात. अडलो ते 'मासिक उत्पन्न' या रकान्यात. उसाचं महिन्याला काही पडत नसतं, कारखान्याचं बिल येईल तेव्हा येतं. बाई म्हणाल्या, "बाळ, पंचतारांकित एमआयडीसीत कुठंतरी चिकट. पगार कितीही असू दे, नोकरी असं लिहिता आलं पाहिजे." म्हशींचं दुधाचं बिल त्या पगारापेक्षा जास्त येतं, पण म्हशींना ऑफर लेटर देता येत नाही. बाई खोटी आशा लावत नाहीत, त्याचे पूर्ण गुण.

मुलींच्या बायोडाटात अपेक्षा ठरलेली: पुण्यात नोकरी, स्वतःचा फ्लॅट, गावाकडे शेती. शेती हवी, शेतकरी नको. चिडलो असतो, पण २०१८ ला ताईला आमच्याच गावातलं आठ एकरवाल्याचं स्थळ आलेलं. आई म्हणाली, "मी जन्मभर शेण काढलं, पोरीला नाही लावायची." मीही आईच्याच बाजूनं बोललो. ताई आता हिंजवडीजवळ असते.

सहा महिन्यांत ४१ बायोडाटे आले. नऊ ठिकाणी फोन केले, त्यांतल्या तीन मुलींची लग्नं कधीच झालेली. यादी झाडत नाहीत, हा केंद्राचा दोष. पाहण्याचे कार्यक्रम दोन. पहिल्या घरी मामांनीच सगळं विचारलं, पोहे बरे होते. दुसरा गडहिंग्लजकडे. मुलीनं विचारलं, "पहाटे किती वाजता उठावं लागतं?" पावणेपाचला. "रोज?" म्हटलं, म्हशीला रविवार नसतो. ती हसली. परत येताना गाडीत मी शिट्टी वाजवत होतो. तिसऱ्या दिवशी तिच्या काकांचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही अजून दिलीच नव्हती.

त्या रात्री पहिलीच्या वर्गाचा फोटो काढून मोजलं. पोरं २३, पोरी १४. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. त्या मोजणीत मी पाच वर्षांचा होतो. गर्भलिंग तपासणीविरुद्ध राज्यात १९८८ पासून कायदा, देशात १९९४ चा. तरी हा आकडा. बाईंच्या कप्प्यात ज्या फायली नाहीत, त्या तेव्हाच कुणीतरी काढून टाकल्यात. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून पोरं नवरदेव होऊन घोड्यावरून कलेक्टर कचेरीवर गेली, तेव्हा मी व्हिडिओ बघून हसलो होतो. २६ चा होतो मी.

एक स्टार मात्र मी रागानं कापतोय. फॉर्मवर 'आंतरजातीय चालेल का?' असा रकाना आहे. मी 'चालेल' लिहिलं. बाईंनी माझ्या माघारी वडिलांना फोन लावला, "पोरानं असं लिहिलंय, ठेवू का?" वडील म्हणाले, खोडा. मला चार महिन्यांनी कळलं. फॉर्म माझा, पैसे दुधाच्या बिलातले माझे, आणि खोडणार तिसरंच कोण? ज्या शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली, ते मूळचे आमच्या कागलचे. त्यांचा फोटो बाईंच्या टेबलामागंच आहे, हार घातलेला.

आणखी एक. जिन्यात एकजण गाठतो, "दोन लाखात पंधरा दिवसांत लग्न, मुलगी बाहेरची." आमच्या शेजारच्या गावात अशी एक नवरी आठव्या दिवशी दागिन्यांसकट गेली. बाईंनी त्याला माझ्यादेखत हाकललं, पण तो परत येतो. त्याच्यापाशी थांबू नका.

पाचपैकी तीन. मुदत वाढवली आहे. फॉर्म नव्यानं भरलाय, तो रकाना पेनानं, ठळक, आणि संपर्कात वडिलांचा नंबर काढून माझा टाकलाय. जाणार असाल तर मंगळवारी जा, शनिवारी आयाबायांची रांग जिन्याखाली येते. गाडी समोरच्या गिरणीपाशी लावा, मालक काही म्हणत नाही, त्याच्याही पोराची फाईल वर आहे.