फुकटचा निरोध, मेडिकलमधला कंडोम की स्त्री-कंडोम? बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या जोडप्यांसाठी तुलना

प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारा निरोध म्हणजे हलका माल, असं सीमाभागात अजून बरेच जण धरून चालतात. तसं नाही. निरोध आणि मेडिकलमधला रंगीत डबीतला साधा कंडोम, दोन्ही लेटेक्सचेच, म्हणजे रबराच्या चिकाचे. गळती आणि फुटण्याच्या चाचण्या दोन्हींना पार कराव्या लागतात. निपाणी आणि संकेश्वरच्या मधे कणगल्याला एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीचा कारखानाच आहे, तिथे कंडोम तयार होतात. विकतच्यात वंगण थोडं जास्त, रबर काही वेळा पातळ, वास बरा, एवढाच फरक. गर्भ राहू नये आणि एचआयव्ही, गरमी, परमा यांपासून बचाव व्हावा, या कामाला मुदतीतला निरोध तितकाच चालतो. मेडिकलवाला ओळखीचा असल्यानं मागायला संकोच वाटत असेल, तर बऱ्याच सरकारी दवाखान्यांत कंडोमची पेटी बाहेरच ठेवलेली असते, न विचारता घेता येतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर ‘पातळ’ या शब्दापेक्षा मापावर करा. डबीवर रुंदी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, बहुतेक ५२ किंवा ५३, अरुंद हवा असेल तर ४९. ताठर अवस्थेत मधोमध दोरा गुंडाळून घेर मोजा. घेर साधारण ११ ते १२ सेंटिमीटर असेल तर ५२-५३ बसतो, १० ते ११ असेल तर ४९ जास्त बरा. मधेच घसरत असेल तर माप सैल आहे. बुडाशी लाल वळ उठत असेल, उलगडताना अडत असेल किंवा पुन्हा पुन्हा फाटत असेल तर घट्ट आहे. लांबीची काळजी बहुतेकांना करावी लागत नाही.

ठिपक्यांचे आणि रेघांचे कंडोम संरक्षणाला साध्याइतकेच. चवीचे कंडोम मुखमैथुनासाठी ठीक, योनीत काहींना त्यांनी जळजळ होते. ‘जास्त वेळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारांत बहुधा आतून बेंझोकेन हे बधिर करणारं औषध असतं. ते आम्ही पहिली निवड म्हणून सुचवणार नाही: बधिरपणात कंडोम सरकला किंवा फाटला तरी कळत नाही, आणि ते बाहेरच्या बाजूला लागलं तर जोडीदारही बधिर होते. शुक्रजंतुनाशक नोनोक्सिनॉल-९ लावलेला टाळाच. वारंवार वापरल्यास त्याने आतली त्वचा सोलवटते आणि एचआयव्हीचा धोका उलट वाढतो.

स्त्री-कंडोम महाग आहे आणि तालुक्याच्या गावी सहज मिळेलच असं नाही. पण नवरा कंडोम घालायला तयार नसेल तर निर्णय बाईच्या हातात ठेवणारं साधन हेच. संबंधाच्या आधी काही तास घालून ठेवता येतो. आतलं टोक कडीचं किंवा स्पंजचं असतं, बाहेरची कडी योनीबाहेरच राहिली पाहिजे. दोघांनी एकाच वेळी कंडोम घालू नये, घर्षणानं दोन्ही फाटू शकतात. पुरुषाने दोन चढवले तरी तेच.

आकडेही पाहून घ्या. १०० जोडप्यांनी वर्षभर पुरुष-कंडोम दर वेळी अचूक वापरला तर सुमारे २ जणींना गर्भ राहतो, नेहमीच्या ढिसाळ वापरात सुमारे १३ जणींना. स्त्री-कंडोमचे तेच आकडे ५ आणि २१. मूल अजिबात नको असेल तर कंडोमसोबत कॉपर-टी किंवा गोळ्या घ्याव्यात. मात्र संसर्ग रोखण्याचं काम त्यांनी होत नाही.

आपल्याकडे खरी चूक होते ती तेलाची. खोबरेल तेल घरात हाताशी असतं, आणि लेटेक्सला तेलाइतकं घातक दुसरं काही नाही. तेल लागताच लेटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं आणि ऐन वेळी फाटतं. व्हॅसलिन, तूप, बेबी ऑइल, कोल्ड क्रीम, सगळे त्याच यादीत. कोरडं वाटत असेल तर मेडिकलमध्ये पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल मागा. गुदमैथुनात ते लागतंच. लेटेक्सने खाज, सूज येत असेल तर पॉलियुरेथेनचा किंवा पॉलिआयसोप्रिनचा घ्या. पहिल्याला तेल चालतं, दुसऱ्याला नाही. स्त्री-कंडोम नायट्राइलचा असेल तर चालतं, लेटेक्सचा असेल तर नाही, म्हणून पाकीट वाचा.

घालण्याआधी मुदत बघा आणि पाकीट दाबून आत हवा आहे ना ते पाहा. कडेने हातानेच फाडा, दात आणि कात्री नको. लिंग पूर्ण ताठ झाल्यावर, पहिल्या स्पर्शाआधीच, टोकाची बोंडी चिमटीत धरून हवा काढा आणि गुंडाळी बुडापर्यंत उलगडा. उलगडत नसेल तर उलटा धरलाय. तोच फिरवून घालू नका, थेंब लागलेला असू शकतो, नवीन घ्या. वीर्य पडल्यावर ताठरपणा जाण्याआधी, बुडाशी कडा धरून बाहेर या. गाठ मारून कागदात गुंडाळा, कचऱ्यात टाका, संडासात नको. दर वेळी नवीन.

साठवण थंड, कोरड्या जागी. अथणी, रायबागकडच्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिकीत किंवा खिशातल्या पाकिटात महिनोन् महिने ठेवलेला कंडोम मुदतीत असला तरी वापरू नये.

फाटलाच तर घाबरून दिवस घालवू नका. गर्भ टाळायला लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी उपयोगी. कॉपर-टी ५ दिवसांपर्यंत बसवता येते. जोडीदाराला एचआयव्ही असल्याची शंका असेल तर ७२ तासांच्या आत बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन प्रतिबंधक औषधं मागा. ती २८ दिवस घ्यावी लागतात. शक्यतो पहिल्या काही तासांतच निघा. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.