१६ टीबीची डबी, आत ६४ जीबीचं कार्ड

काडेपेटीएवढी ॲल्युमिनियमची डबी. वर ‘१६ टीबी पोर्टेबल एसएसडी’ अशी कोरीव अक्षरं, एका टोकाला यूएसबी-सीचं तोंड. संगणकाला जोडली की ड्राइव्ह लगेच दिसते, प्रॉपर्टीजमधलं वर्तुळ पूर्ण रिकामं आणि क्षमतेपुढे चौदा-साडेचौदा टीबीचा आकडा. घेणारा दोनशे फोटो टाकून बघतो, सगळे उघडतात, तो पाच स्टार देऊन मोकळा होतो. फसवणूक इथे पुरी झालेली असते. कळायला मात्र दोन-चार महिने लागतात, आणि तोवर वस्तू परत करायची मुदत केव्हाच टळलेली असते.

अशी डबी उघडली की आत काय निघतं? नखाएवढं एक मायक्रोएसडी कार्ड, ते खोचलेला साध्या कार्ड रीडरचा बोर्ड, आणि दोन्ही हलू नयेत म्हणून ओतलेला गोंदाचा गोळा. बाकी सगळी पोकळी. हाताला वजन लागावं म्हणून कधी लोखंडी पट्टी चिकटवलेली असते. मोठ्या आकाराच्या नकली हार्ड डिस्कमध्ये तर चक्क नटबोल्ट निघाले आहेत. कार्ड ३२ किंवा ६४ जीबीचं, फार तर १२८.

मग १६ टीबी दिसतात कुठून? गोम अशी आहे की संगणक जागा मोजत नाही, विचारतो. कुठलीही यूएसबी ड्राइव्ह जोडली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणाऱ्या चिपला, विचारते, तुझ्याकडे सेक्टर, म्हणजे साठवणीचे कप्पे, किती? येईल ते उत्तर ती खरं धरते. हा आकडा कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्या चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि तो भरण्याची ‘मास प्रॉडक्शन टूल’ नावाची सॉफ्टवेअर, जी खरं तर कारखान्याबाहेर जायला नकोत, ती इंटरनेटवर कधीचीच फुटलेली आहेत. आकडा बदलला की झाला नवा माल तयार. कंपनीचं नाव, आयडी, सिरियल नंबर हेही त्याच खिडकीत बदलता येतं. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये नामांकित ब्रँडचं नाव दिसलं, म्हणून माल अस्सल, हा युक्तिवाद तिथेच संपतो.

खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. भरल्यानंतर काय होतं ते फर्मवेअरवर अवलंबून. एका प्रकारात ६४ जीबीच्या पुढचा पत्ता आला की त्याचे वरचे बिट गळून पडतात आणि नवा डेटा पुन्हा सुरुवातीच्या जागेवर जाऊन बसतो. सुरुवातीला फाइल सिस्टिमचा स्वतःचा हिशेब असतो, कुठली फाइल कुठे ठेवली याची वही. तीच खरडली गेली की विंडोज एके दिवशी म्हणते, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. हा प्रकार निदान बोंब तरी ठोकतो.

दुसरा मुका असतो आणि तोच जास्त घातक. मर्यादेपुढचा डेटा आला की कंट्रोलर ‘मिळाला’ म्हणतो आणि फेकून देतो. वही खऱ्या जागेत असल्यामुळे फाइलचं नाव, आकार, तारीख सगळं जागच्या जागी दिसतं. फोल्डर उघडावा तर फोटोंची यादी व्यवस्थित, पण एका ठरावीक फोटोपासून पुढे थंबनेलच्या जागी नुसते कोरे चौकोन. १.८ जीबीचा व्हिडिओ १.८ जीबीचाच दिसतो, प्लेअर मात्र उघडत नाही. ती फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला कच्चा डेटा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकली की ओळीमागून ओळी ०० ०० ०० ००, थेट शेवटपर्यंत. कॉपी करताना एकही एरर आलेली नसते.

यात आणखी एक मेख आहे. कॉपी संपल्या संपल्या फाइल उघडून पाहिली तर ती उघडूही शकते, कारण ऑपरेटिंग सिस्टिम ती ड्राइव्हवरून न वाचता रॅममधल्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून, दाखवते. ‘मी लगेच तपासलं होतं, तेव्हा ठीक होतं’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी रॅम तपासलेली असते. ड्राइव्ह इजेक्ट करून, काढून, पुन्हा जोडून वाचल्याशिवाय त्या बघण्याला काही अर्थ नाही.

गेम खेळणाऱ्यांची तऱ्हा निराळी. हातातल्या कन्सोलमध्ये ‘१ टीबी’चं स्वस्त कार्ड घातलं जातं, पहिले दोन-तीन गेम उत्तम चालतात, चौथा मोठा गेम उतरवला की तो लोडिंगवरच बंद पडतो. मग वाद सुरू. कोणी म्हणतं नवा अपडेट भिकार आहे, कोणी म्हणतं या कन्सोलसाठीची आवृत्तीच वाईट केलीय. फायलींची तपासणी केली की लाँचर, म्हणजे गेम उतरवणारं आणि सुरू करणारं ॲप, म्हणतो काही फायली बिघडल्यात, त्या पुन्हा उतरवतो, पुन्हा तेच. अशा चक्रात अडकलेल्या गेमला शिव्या घालण्याआधी कार्ड तपासावं. नवा गेम टाकल्यावर जुना, आधी नीट चालणारा गेम बिघडला असेल, तर संशय जवळजवळ पक्का: नव्याने जुन्यावर लिहिलंय. स्टीम डेक या हातातल्या कन्सोलवर कार्ड फॉरमॅट करताना सिस्टिम खोट्या क्षमतेची चाचणीही घेते, तिथे कार्ड नाकारलं गेलं तर डेकला दोष देऊ नये.

आता रिव्ह्यूंबद्दल. हजारो पाच स्टार म्हणजे सगळे विकतचे, असं मानायचं कारण नाही. २ टीबीच्या नकली पेनड्राइव्हमध्ये ज्याने आयुष्यभर २० जीबीचीच गाणी ठेवली, त्याची ड्राइव्ह खरोखरच चालते, आणि ‘माझी तर दोन वर्षं मस्त चालतेय’ हे तो छातीठोकपणे सांगतो. त्याच्या प्रामाणिकपणावरच हा धंदा उभा आहे. त्याच्या जोडीला जुन्या पानाची युक्ती असते: आधी त्याच पानावर मोबाइलचं कव्हर किंवा केबल विकायची, चांगले स्टार जमवायचे, मग फोटो आणि मजकूर बदलून तिथे एसएसडी मांडायची. सर्वांत जुने रिव्ह्यू वाचले तर हे पितळ उघडं पडतं. ‘केबल छान लांब आहे’ असं एसएसडीच्या पानावर कोणी का लिहील? एक आणि दोन स्टारचे रिव्ह्यू, तेही तीन महिने वापरून लिहिलेले, तेवढेच वाचण्यासारखे.

घेण्याआधीही बरंच ओळखता येतं. मेमरी कार्डांच्या एसडीएक्ससी या प्रमाणात बसणाऱ्या कार्डाची कमाल क्षमता २ टीबी आहे. ‘४ टीबी मायक्रोएसडीएक्ससी’ असं छापलेलं कार्ड म्हणजे छापणाऱ्याने स्वतःच दिलेला कबुलीजबाब. १ टीबीची मायक्रोएसडी कार्डं बाजारात यायलाच २०१९ उजाडलं. सामान्य ग्राहकासाठीच्या एम.२, म्हणजे संगणकात बसणाऱ्या पट्टीसारख्या, एसएसडी ८ टीबीपर्यंत मिळतात आणि त्या महाग असतात, तेव्हा त्याच्या दुप्पट जागा दहा-वीस टक्के किमतीत कोण देईल? वेगाचं गणितही बघावं. खोक्यावर ‘यूएसबी ३.१’ असलं तरी आतला रीडर बहुधा यूएसबी २.० चा, म्हणजे कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट आणि प्रत्यक्षात फार तर ४० एमबी. कनेक्टर जुन्या चौकोनी पद्धतीचा असेल तर आत टॉर्च मारून पाहावं: यूएसबी ३ साठी पुढे चार पट्ट्या आणि मागे आणखी पाच लागतात. नुसतं निळं प्लास्टिक आणि चारच पट्ट्या, म्हणजे तो निळा रंग शोभेचा. खरी एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची प्रकृती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा तापमान, वापराचे तास, फर्मवेअर असं सगळं दाखवते. ही डबी त्या यादीत येतच नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, नाहीतर अस्सल विक्रेत्यालाही लोक चोर ठरवतात. १ टीबीच्या अस्सल ड्राइव्हवर विंडोज ९३१ जीबी दाखवते आणि १२८ जीबीच्या कार्डावर साधारण ११९. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. तेवढी सात-नऊ टक्क्यांची तूट ही फसवणूक नव्हे.

वस्तू आली की त्याच दिवशी, आपलं काहीही त्यात न टाकता, चाचणी लावायची. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे छोटं, फुकट, जुनं पण भरवशाचं सॉफ्टवेअर आहे. ते ड्राइव्हवर १-१ जीबीच्या फायली लिहीत जातं आणि मग त्या परत वाचून ताडून बघतं. ड्राइव्ह नकली असली तर शेवटी किती डेटा शाबूत आणि किती ‘डेटा लॉस्ट’ हे आकड्यांत दिसतं. शाबूत आकडा ५८-५९ जीबीच्या आसपास आला, तर आत ६४ चं कार्ड. लिनक्स आणि मॅकवर ‘एफ३’, म्हणजे ‘फाइट फ्लॅश फ्रॉड’: आधी एफ३राइट चालवायचं, ड्राइव्ह काढून पुन्हा जोडायची, मग एफ३रीड. काढून जोडणं विसरायचं नाही, कारण वर सांगितलेला कॅश.

पण १६ टीबीची पूर्ण चाचणी? सेकंदाला १५ एमबीच्या वेगाने नुसतं लिहायलाच १२ दिवसांच्या वर लागतील, वाचायचे वेगळे. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. आकडा जितका मोठा, तितका तपासणारा कंटाळतो. म्हणून इथे दोन वाटा आहेत. एच२टेस्टडब्ल्यूमध्ये पूर्ण जागेऐवजी ठरावीक एमबी टाकता येतात. तिथे २,००,००० टाकावं, म्हणजे साधारण २०० जीबी. आतलं कार्ड १२८ चं असलं तरी तेवढ्यात उघडं पडतं आणि लिहिणं-वाचणं मिळून साधारण आठ तासांत, रात्रभरात, काम होतं. दुसरी वाट म्हणजे ठिकठिकाणी टोचून बघणारी साधनं. विंडोजसाठी ‘व्हॅलिड्राइव्ह’ संपूर्ण पत्त्यांवर सारख्या अंतराने ५७६ ठिकाणी लिहून-वाचून बघतं आणि खरी जागा किती ते सांगतं. लिनक्सवर एफ३ मधलंच ‘एफ३प्रोब’ हेच काम काही मिनिटांत करतं. त्याला मात्र अख्ख्या डिव्हाइसचं नाव द्यावं लागतं. अक्षर चुकून दुसऱ्याच डिस्कचं नाव दिलं तर तो दोष विक्रेत्याचा नव्हे, आपला.

ज्या गोष्टींना लोक चाचणी समजतात त्यांतल्या बऱ्याच चाचण्या नाहीतच. क्विक फॉरमॅट फक्त वही कोरी करतं. फुल फॉरमॅट शून्यं लिहितं आणि वाचताना एरर येते का एवढंच बघतं. मुकी ड्राइव्ह एरर देतच नाही, त्यामुळे तीही पास. विंडोजच्या चेकडिस्क या तपासणीचंही तेच. वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क एरवी १ जीबीच्या फाइलवर खेळतं, आणि तेवढी जागा नकली ड्राइव्हमध्येही खरीच असते.

कार्ड लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत घालता येत असेल आणि लिनक्स असेल, तर आणखी खोल जाता येतं. कार्डाच्या आत उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि सिरियल नंबर नोंदलेला असतो आणि सिस्टिमच्या एमएमसी फोल्डरमध्ये तो वाचता येतो. यूएसबी रीडरमधून तो सहसा येत नाही. हार्डवेअर अभियंता अँड्र्यू ‘बनी’ ह्युआंग यांनी २०१० मध्ये संशयित कार्डांची चिरफाड केली तेव्हा याच नोंदी त्यांच्या कामी आल्या. सिरियल नंबर विलक्षण लहान असणं हे त्यांना मिळालेल्या खुणांपैकी एक होतं.

डेटा गेलाच असेल तर दोन गोष्टी लगेच. त्या ड्राइव्हवर आता एक अक्षरही लिहायचं नाही, आणि रिकव्हरीच्या नावाखाली दुसऱ्यांदा फसायचं नाही. मुक्या प्रकारात मर्यादेपुढचा डेटा पुसला गेलेला नाही, तो कधी लिहिलाच गेला नव्हता. तो कुठलीही प्रयोगशाळा आणून देऊ शकत नाही. पहिले ६४ जीबी मात्र मिळण्याची आशा असते. गोल फिरून सुरुवातीवर लिहिणाऱ्या प्रकारात उलट, शेवटी टाकलेलं टिकतं आणि जुनं जातं. डीडीरेस्क्यू या साधनाने आधी ड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढावी, पण सांगितलेल्या १६ टीबीची नाही, फक्त खऱ्या जागेएवढी, आणि मग त्या प्रतिमेवर फोटोरेक हे फायली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवावं.

परताव्याच्या वेळी विक्रेत्याचं धोरण एकच असतं: वेळ काढणं. दुसऱ्या पोर्टला लावून बघा, पुन्हा फॉरमॅट करा, नवं फर्मवेअर पाठवतो, चार दिवस थांबा. मग ‘निम्मे पैसे घ्या आणि वस्तू ठेवा’. यातलं काहीही मान्य करायचं नाही, आणि बोलणं दुकानाच्या अधिकृत संदेशपेटीबाहेर न्यायचं नाही. तक्रार ‘आवडली नाही’ किंवा ‘बिघडली’ या सदराखाली न टाकता ‘वर्णनाप्रमाणे नाही’ किंवा ‘बनावट’ यात टाकावी. बिघाड म्हटलं की ते बदली वस्तू पाठवतात, म्हणजे तशीच दुसरी डबी. सोबत चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट, त्यात सांगितलेली आणि सापडलेली क्षमता दोन्ही दिसतील असा, आणि पानावरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कारण ते पान केव्हाही गायब होतं. डबी मात्र परतावा मंजूर होईपर्यंत फोडायची नाही. फोडलेली वस्तू घ्यायला ते नकार देतात.

परत पाठवण्याआधी आपल्या फायली त्यात राहिल्यात का हे पाहून खरी जागा एकदा पूर्ण लिहून पुसावी. परत मागवलीच नाही, तर एफ३फिक्सने खऱ्या क्षमतेएवढंच पार्टिशन करून ती वापरता येते असं अनेक ठिकाणी सुचवलेलं दिसेल. येतं खरं, पण ज्याने क्षमतेत खोटं सांगितलं त्याने चिप कुठल्या ढिगाऱ्यातून उचलली हे कोणाला माहीत. फार तर लिनक्सची इन्स्टॉलेशन फाइल टाकायला ठेवावी, आणि वर मार्करने ६४ लिहावं, म्हणजे घरातलं दुसरं कोणी तिच्यावर फोटोंचा बॅकअप घेणार नाही.