बिल डेडिकेटेड सर्व्हरचं, वेबसाइट मात्र पंचवीस जणांच्या खात्यात

वेबसाइटच्या बिलावर ‘डेडिकेटेड सर्व्हर’ (फक्त आपल्याच साइटसाठीचा वेगळा सर्व्हर), ‘प्रीमियम एसएसएल’, ‘डेली बॅकअप’ असं लिहिलेलं असेल आणि बनवणाऱ्याने सीपॅनेलचं, म्हणजे साइटच्या फाइली जिथून सांभाळतात त्या पॅनेलचं, लॉगिन मात्र कधीच दिलं नसेल, तर कृपया हे पूर्ण वाचा. आमचा रत्नागिरीजवळ हापूसचा व्यवसाय आहे. पेट्यांच्या बऱ्याच ऑर्डरी वेबसाइटवरून येतात. पैसे आमचे गेले, पण ज्यांनी विश्वासाने आपला पत्ता आणि मोबाइल नंबर दिला त्या गिऱ्हाइकांनाही झळ बसली, आणि मला जास्त राग त्याचा आहे.

अक्षय तृतीयेच्या तोंडावर, ऐन मागणीच्या दिवसांत, पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला की तुमची साइट उघडली की जुगाराचं पान येतं. आमच्या कॉम्प्युटरवर सगळं ठीक दिसत होतं. वेबसाइटवाला म्हणाला, ‘काका, त्यांच्याच मोबाइलमध्ये व्हायरस असणार.’ तसं नव्हतं. घुसवलेला कोड आधी बघतो की माणूस आला कुठून. गुगलवर शोधत मोबाइलवरून आलेल्याला तो दुसरीकडे पळवतो आणि थेट पत्ता टाइप करणाऱ्या मालकाला नेहमीची साइट दाखवतो, म्हणजे मालकाला पत्ता लागत नाही. स्वतः तपासायचं तर मोबाइलवर इन्कॉग्निटो विंडो उघडून गुगलच्या निकालावरूनच आपल्या साइटवर जा. आम्ही तसं केलं तेव्हा आमच्या नावाखाली आम्ही कधीच न लिहिलेली जपानी भाषेतली पानंही दिसली.

मग त्याचा सूर बदलला. ‘सर्व्हर हॅक झालाय, मालवेअर क्लीनिंगचे 25,000 लागतील.’ बॅकअप मागितला तर तो ‘करप्ट’ निघाला. वर्षाला 18,000 रुपये आम्ही याच बॅकअपचे आणि याच सर्व्हरचे भरत होतो. वकिलाची नोटीस गेली तेव्हा कुठे लॉगिन हातात आलं.

माझी भाची ठाण्याला सर्व्हरचंच काम करते. तिने फाइल मॅनेजर उघडला आणि म्हणाली, ‘मामा, हे खातं तुमचं एकट्याचं नाहीये.’ आमच्या फोल्डरच्या वरखाली आणखी पंचवीसेक फोल्डर होते: एक दवाखाना, एक क्लास, एक सराफ, एका देवस्थानचा ट्रस्ट. सगळी त्याची गिऱ्हाइकं, सगळी एकाच खात्यात. डेडिकेटेड सर्व्हर नव्हताच. एक साधा शेअर्ड प्लॅन, म्हणजे अनेकांची खाती असलेल्या सर्व्हरवरचं एक खातं, घेऊन त्यात ‘अ‍ॅडऑन डोमेन’ (त्याच खात्यातल्या जादा साइट) म्हणून त्याने सगळ्यांना कोंबलं होतं.

शेअर्ड होस्टिंग मुळात वाईट नाही. चांगल्या कंपन्या प्रत्येक खात्याला सर्व्हरवर वेगळा युजर देतात. चाळीतल्या खोल्यांसारखं, भिंत सामाईक पण कुलूप ज्याचं त्याचं. इथे त्याने सगळी बिऱ्हाडं एकाच खोलीत राहायला घातली होती. एका खात्यातल्या सगळ्या साइट एकाच युजरच्या नावावर चालतात, त्यामुळे एका साइटमध्ये शिरलेला कोड बाकीच्या सगळ्यांच्या फाइली वाचू आणि बदलू शकतो. आमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये डेटाबेसचा, म्हणजे साइटच्या सगळ्या नोंदींच्या साठ्याचा, पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. ती एक फाइल वाचता आली की ऑर्डरींची सगळी यादी हातात येते.

दार कुठून उघडलं हेही सापडलं. बिलात ज्या प्लगिनचे (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सॉफ्टवेअरचे) पैसे लावले होते ते चोरीचं, म्हणजे ‘नल्ड’ होतं. लायसन्सचा रकाना रिकामा, अपडेट बंद. अशा फुकट वाटलेल्या प्रतींमध्ये मागचं दार आधीच ठेवलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. अपलोड्सच्या फोल्डरला 777 परवानगी होती, म्हणजे कुणीही लिहावं. फोल्डरला 755, फाइलींना 644 आणि कॉन्फिग फाइलला 600 किंवा 640 पुरते, म्हणजे मालकाशिवाय कुणी लिहू शकत नाही. त्या अपलोड्समध्ये आंब्याच्या पेट्यांच्या फोटोंच्या मधोमध एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम, बसली होती. नाव फोटोसारखं, आत एकाच ओळीत हजारो अक्षरांचा अगम्य गुंता. फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालूच द्यायची नसते, आणि ते बंद करायला होस्टिंगवर दोन ओळी पुरतात.

सगळ्यात संतापजनक गोष्ट पुढे दिसली. साइटच्याच सार्वजनिक फोल्डरमध्ये डेटाबेसची झिप फाइल पडलेली होती, सहज ओळखता येईल अशा नावाने. हाच त्याचा ‘डेली बॅकअप’. लिंक माहीत असेल तो कुणीही डाउनलोड करू शकला असता. त्याच सीझनमध्ये आमच्या काही गिऱ्हाइकांना ‘तुमची आंब्याची पेटी अडकली आहे, लिंकवर 5 रुपये भरा’ असे फोन आले. नंबर त्याच फाइलमधून गेले हे मी सिद्ध करू शकत नाही. पण पेटी कोणत्या जातीची, किती डझनाची, हे फोन करणाऱ्याला माहीत होतं. आम्ही प्रत्येकाला स्वतः फोन करून सावध केलं.

‘प्रीमियम एसएसएल’चे दरवर्षी 3,500 लागत होते. ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट उघडून बघितलं तर ते ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं, म्हणजे फुकट मिळणारं. ते सर्टिफिकेट वाईट नाही, पण त्याचे पैसे घेणं ही लबाडी आहे. शिवाय एसएसएल फक्त वाटेतला मजकूर झाकतं. सर्व्हरवर ठेवलेल्या डेटाचं रक्षण ते करत नाही.

डोमेनही, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ताही, त्याने स्वतःच्या नावावर घेतला होता. डोमेनची नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीने स्पष्ट सांगितलं, नोंद ज्याच्या नावे तोच मालक. आमच्या बिलांवर डोमेनचं नाव छापलेलं होतं, त्या जोरावर वकिलांनी ट्रान्सफरचा कोड मिळवून दिला. पैसे परत आलेले नाहीत. तुमचा डोमेन कुणाच्या नावे आणि कुणाच्या ईमेलवर आहे हे आजच बघा.

आता आमचं वेगळं खातं आहे. वर्डप्रेस आणि प्लगिन नव्याने टाकले, सगळे पासवर्ड बदलले, अनोळखी अ‍ॅडमिन काढले. गुगल सर्च कन्सोलमध्ये (गुगलवर आपली साइट कशी दिसते ते मालकाला दाखवणारी सोय) एक परका ईमेल मालक म्हणून बसला होता, तोही हटवला. बॅकअप आता होस्टिंगच्या बाहेर, घरच्या हार्ड डिस्कवर उतरतो. त्या खात्यातल्या दवाखान्याला आणि क्लासला आम्ही कळवलं. क्लासच्या साइटवर येणाऱ्यांनाही दुसरीकडे पळवलं जात होतं.

आणि साफसफाईला हात लावायच्या आधी सीपॅनेलमधून अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं त्याची नोंद, उतरवून घ्या. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, 2022 च्या आदेशानुसार लॉग 180 दिवस जपणं बंधनकारक आहे, पण सीपॅनेलमधले लॉग बऱ्याच ठिकाणी त्याच्या कितीतरी आधी पुसले जातात. ते लॉग, बिलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडून राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. गिऱ्हाइकाचे पैसे गेले असतील तर त्याला लगेच 1930 वर फोन करायला सांगा, कारण बँकेत रक्कम अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच सगळ्यात जास्त असते.