पीएनआर खरा होता, तिकीटही खरं होतं

नाशिकच्या एका पतसंस्थेत मी हिशेब बघते, बावीस वर्षं झाली. आमच्या काउंटरवर एक पाटी आहे, माझ्याच अक्षरात: ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही.’ ठेव मोडायला आलेल्या आजी-आजोबांना मी ती बोट ठेवून वाचून दाखवते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण विमानाच्या तिकिटात मी कशी फसले, ते पुढे वाचताना तुमच्या मनात येणारच, की बाईला जरा माहिती असती तर वाचली असती.

बाबा भगूरचे. लहानपणी शाळेत जाता-येता सावरकर वाडा रोज डोळ्यांसमोर. अंदमानची ती कोठडी एकदा बघायची, एवढं एकच मागणं ते गेली दहा वर्षं करत होते, तेही दुसऱ्या कुणाविषयी बोलल्यासारखं: ‘‘अमक्याचा मुलगा घेऊन गेला म्हणे त्याला.’’ बाबा ७६ वर्षांचे झाले तेव्हा आम्ही ठरवलं, आता पुढे ढकलायचं नाही. नाताळच्या सुट्टीत आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन्ही मुलं. २२ डिसेंबर २०२४ ला मुंबईहून चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर, २८ ला परत. (त्याच सप्टेंबरात गावाचं नाव श्री विजयपुरम झालं होतं, पण तोंडात जुनंच बसलेलं.)

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विमान कंपनीच्या साइटवर जाऊन-येऊन माणशी १७,९०० रुपये दिसत होते. सहा जणांचे एक लाख सात हजार चारशे. नाताळाचे दिवस, त्यात बेटावर जायचं, म्हणजे दर चढणारच. मी दोन दिवस बघत बसले, ते आणखी चढतील या धास्तीने.

मग आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक नंबर टाकला. खाली दोघीतिघींचे अंगठे. एकीची जाऊ त्याच्याकडून तिकीट काढून केरळला जाऊन आली होती, आणि हे खोटं नव्हतं, ती खरोखरच गेली होती. अशा माणसाची सुरुवातीची चार गिऱ्हाइकं नीट जाऊन येतात. तीच पुढे त्याची जाहिरात करतात, फुकट आणि मनापासून.

फोन लावला. अगदी घरातल्यासारखं बोलणं, ‘ताई’ शिवाय वाक्य नाही. माणशी १२,४०० म्हणाला. मी विचारलं, एवढा फरक कसा? तर म्हणाला, ‘‘ताई, ही सिरीज फेअर आहे. आम्ही सीटांचा ब्लॉक आधीच उचललेला असतो. राहिल्या सीटा की कमी भावात सोडतो.’’

आता हा प्रकार धंद्यात खरोखर असतो. मोठे एजंट विमानातल्या सीटा काही महिने आधी घाऊक उचलतात, त्याला सिरीज किंवा फिक्स्ड डिपार्चर म्हणतात, आणि तारीख जवळ आली की उरलेल्या सीटा पडेल भावात विकतात. ओळखीच्या एका जुन्या ट्रॅव्हलवाल्याने मला हे नंतर समजावलं. सोबत हेही सांगितलं, की अशा सीटांवर नावं चढून पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, हातात यायला बऱ्याचदा प्रवासाच्या आधीचे काही दिवस उजाडतात. मला सहा जणांच्या नावांचा पीएनआर अर्ध्या तासात आला होता. म्हणजे तो सांगत होता एक आणि देत होता दुसरंच. पण हे कळायला धंद्याची माहिती हवी. मला होती ती फक्त तेहतीस हजार वाचल्याची खुशी.

तरी मी अगदीच आंधळी नव्हते. वीस हजार आधी दिले आणि म्हटलं, उरलेले पीएनआर बघूनच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ११ ऑक्टोबरला, पीएनआर आला. मी कंपनीच्या साइटवर गेले, ती सहा अक्षरं टाकली, आडनाव टाकलं. सहाही नावं, बाबांचं वय ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणून, बुकिंग कन्फर्म. सगळं हिरवं. उरलेले ५४,४०० त्याच मिनिटाला यूपीआयने पाठवले.

त्या दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही मी पाहिल्या. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं ते त्याचंही नव्हतं, त्याच्या एजन्सीचंही नव्हतं, कुठल्या तरी ट्रेडर्सचं होतं. विचारलं तर म्हणाला मामांची फर्म आहे. दुसरं म्हणजे साइटवर खाली संपर्काच्या रकान्यात मोबाइलचे शेवटचे आकडे दिसत होते आणि ते माझे नव्हते. वाटलं, एजंट काढतो म्हणजे एजंटचा नंबर असणारच. तिसरी गोष्ट सांगताना मात्र मान खाली जाते. त्याने लेटरहेडवर बिल पाठवलं होतं, वर जीएसटी नंबर. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, मध्ये दहा अक्षरांचा पॅन. मी रोज अशी बिलं तपासते. त्याच्या बिलावर २७ होतं आणि पुढे बारा अक्षरं होती. एकूण चौदा. मोजली डिसेंबरात.

तिकिटाचा प्रिंटआउट काढून मी फ्रिजला चुंबकाने लावला. आई येता-जाता त्यावरून हात फिरवायची. बाबांनी कॅनव्हासचे नवे बूट आणले आणि खोक्यातच ठेवले, वापरून मळायला नकोत म्हणून.

२० डिसेंबरच्या संध्याकाळी वेब चेक-इन करायला बसले. बॅगा हॉलमध्ये, मुंबईपर्यंत इनोव्हा सांगितलेली. पीएनआर टाकला, आणि साइट म्हणाली, बुकिंग रद्द झालेलं आहे. मी आडनावाचं स्पेलिंग तीनदा बदलून पाहिलं.

एजंटचा फोन बंद. व्हॉट्सॲपवरचा फोटो गेलेला, मेसेजला एकच टिक. ग्रुपवर विचारलं तर नंबर टाकणारी म्हणाली, मला माझ्या नणंदेने दिला. नणंदेला कुणी दिला ते शोधत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता.

आता दुसरा भाग. हा मी नवऱ्याशिवाय कुणाला सांगितला नव्हता. विमान कंपनीला फोन करायचा म्हणून मी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला त्यावर बोट ठेवलं. तो निकाल नव्हता, जाहिरात होती. बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, पण हात थरथरत असताना बारीक अक्षरं कोण वाचतो? पलीकडे सभ्य आवाज, मागे कॉल सेंटरची गलबल. ‘‘मॅडम, टेक्निकल एरर से कॅन्सल हुआ है. फुल रिफंड बनता है, फिर आप नया टिकट ले सकते हैं.’’ त्या क्षणी मला जे ऐकायचं होतं, नेमकं तेच. नवऱ्याच्या फोनवर त्याने एक क्यूआर पाठवला आणि तो मला माझ्या फोनने स्कॅन करायला लावला. मग म्हणाला, ‘‘आपका रिफंड कोड वन नाइन एट फोर सेवन. अमाउंट की जगह कोड डालिए.’’ मी १९८४७ टाकलं. पिन मागितला, पिन टाकला.

खात्यातून १९,८४७ रुपये गेल्याचा मेसेज आला तेव्हाही तो माणूस लाइनवरच होता आणि म्हणत होता, ‘‘मॅडम, एक बार फिर से करना पडेगा.’’

नवऱ्याने फोन हातातून काढून घेतला आणि १९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. बँक कोणती, किती वाजता गेले, व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक काय, एवढंच विचारतात आणि भराभर लिहून घेतात. हा क्रमांक यूपीआयच्या इतिहासात त्या व्यवहारावर टिचकी मारली की दिसतो. पैसे गेल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत आमची तक्रार चढली होती. म्हणून १९,८४७ पैकी ११,२०० पुढच्या एका खात्यात गोठवले गेले. बाकीचे तेवढ्यातही काढून झाले होते. गोठवलेली रक्कम परत मिळवायला कोर्टाचा आदेश लागला; ती माझ्या खात्यात यायला मे महिना उजाडला.

दुसऱ्या दिवशी सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर सगळे स्क्रीनशॉट चढवले आणि ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांना माझी गोष्ट निम्म्यातच कळली. म्हणाले, मॅडम, तिकिटाचे आमच्याकडे तीन प्रकार येतात. एकात पीएनआर नुसता होल्डवर असतो, पैसे भरलेलेच नसतात. साइटवर नावं दिसतात आणि मुदत संपली की आपोआप उडतात. तिथे पीएनआरवर न थांबता तेरा आकडी ई-तिकीट नंबर मागायचा, त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८. मात्र स्वस्तातल्या काही कंपन्या तो नंबर गिऱ्हाइकाला दाखवतच नाहीत, तिथे पैसे भरल्याची नोंद बघायची. दुसऱ्यात तिकीट चोरीच्या क्रेडिट कार्डावर काढलेलं असतं, कार्डवाल्याने ओरड केली की रद्द. तिसरा प्रकार माझा: तिकीट पक्कं काढायचं, गिऱ्हाईक तपासून पैसे देतं, मग आपणच ते रद्द करायचं आणि परतावा आपल्या वॉलेटमध्ये घ्यायचा.

विमान कंपनीचा खरा नंबर मी तिकिटामागच्या मजकुरातून घेतला. त्यांनी सांगितलं, बुकिंग २० ऑक्टोबरला रद्द झालं. म्हणजे पैसे दिल्यावर नवव्या दिवशी. दोन महिने मी रद्द झालेलं तिकीट फ्रिजला लावून ठेवलं होतं. रद्द झाल्याचा मेसेज आणि मेल दोन्ही गेले होते, बुकिंगवर असलेल्या नंबरावर आणि पत्त्यावर. दोन्ही त्याचे. परतावाही नियमाप्रमाणे जिथून पैसे आले तिथे, म्हणजे ज्या सब-एजंटच्या आयडीवरून तिकीट काढलं त्याच्या वॉलेटमध्ये. एअरसेवावर, म्हणजे विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर, तक्रार टाकली, तेव्हा कंपनीने तेच लेखी कळवलं. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा ही विमान कंपनीची जबाबदारी आहे, असं डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम म्हणतो. पण त्यांच्या वहीत तो परतावा दिलेला होता.

एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. १,०७,४०० चं तिकीट काढून मला ७४,४०० ला देण्यात त्याला सुटलं काय? शेवटी एका रविवारी कागद घेऊन बसले, हिशेबनीसाला दुसरं काय येतं. रद्द करण्याचा आकार माणशी एका बाजूला साडेतीन हजार धरला, तर सहा जणांचे दोन्ही बाजूंचे बेचाळीस हजार. परतावा आला ६५,४००. माझ्याकडून ७४,४००. दोन्ही मिळून १,३९,८००, त्यातून त्याची गुंतवणूक वजा केली की उरतात ३२,४००. नऊ दिवसांत. म्हणजे माझ्या पैशातले बेचाळीस हजार कंपनीकडे गेले आणि बत्तीस हजार चारशे त्याच्याकडे. माझे वाचले म्हणून मी खूश झाले होते ते तेहतीस हजार. जवळपास तेवढेच त्याने कमावले.

गुन्हा नोंदला गेला: भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी. ट्रेडर्सचं ते खातं परराज्यातल्या एका पोराच्या कागदपत्रांवर उघडलेलं निघालं, तो म्हणाला मला महिन्याला काही हजार मिळत होते. ७४,४०० अजून आलेले नाहीत. हॉटेलचे आगाऊ पैसे आणि हॅवलॉक बेटावर जायच्या बोटीची तिकिटंही गेली. २१ तारखेला नवी तिकिटं बघितली तर माणशी तीस हजारांच्या वर होती. साइट बंद केली.

बाबा काहीच बोलले नाहीत. इनोव्हावाल्याला त्यांनीच फोन करून नको म्हणून सांगितलं, आणि बुटांचं खोकं कपाटावर टाकलं.

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन मी एकटीच जायचं ठरवलं, मुलांच्या परीक्षा होत्या. तिकिटं विमान कंपनीच्या ॲपवरून काढली, माझ्या मोबाइलवर, माझ्या मेलवर, माझ्या कार्डाने, माणशी १५,६०० ला. बाबांनी या खेपेला प्रिंटआउट काढू दिला नाही. त्याऐवजी रोज रात्री जेवण झालं की भगूरहून फोन करायचे: ‘‘अगं, बघितलंस का आज? आहे ना अजून?’’ मी ॲप उघडायचे, पीएनआर टाकायचे आणि तिन्ही नावं त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. एकोणीस रात्री.